ताण तोडणारा पाऊस

चिखलदऱ्यातल्या पहिल्या सकाळी आमच्या पुढ्यात आलेली कॉफी दोन रुपयांच्या पुडीतली होती. गरम दूध, भरपूर साखर, वर फेस. ट्रे घेऊन आलेल्या पोराला मी विचारलं, "इथली कॉफी नाही का मिळत?" तो जरा दुखावला. म्हणाला, "इथलीच आहे न साहेब. आत्ताच केली."

त्याचं काही चुकलं नव्हतं. महाराष्ट्रात कॉफी कुठे पिकते, या प्रश्नापुढे स्पर्धा परीक्षांच्या गाइडांत 'चिखलदरा' हे उत्तर वर्षानुवर्षं छापलं जातंय. विदर्भातल्या पोरांच्या किती पिढ्यांनी ते पाठ केलं असेल. मीही केलं होतं. पण पाठ करणाऱ्यांपैकी ती कॉफी प्यायलेला माणूस मला नागपुरात कधी भेटला नाही. भीमकुंड पाहिलेले भेटले, गाविलगडावर फोटो काढलेले भेटले, गवळ्यांचा खवा आणि रबडी डब्यात भरून आणलेले तर शेकड्यांनी भेटले. कॉफीचं झाड मात्र कुणी पाहिलेलं नव्हतं. बायकोचं मत ठाम होतं: असती तर इतवारीच्या बाजारात आली नसती का?

म्हणून गेल्या डिसेंबरात निघालो. नागपूरहून चिखलदरा सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. बहुतेक लोक अमरावतीवरून जातात. आम्ही काटोल, वरुड, मोर्शी करत संत्र्याच्या पट्ट्यातून परतवाड्याला पोहोचलो. हा रस्ता निवडण्यात माझी काही दूरदृष्टी नव्हती, बायकोला वाटेत संत्री घ्यायची होती. पण पुढे कॉफी समजली ती या संत्र्यांमुळेच, म्हणून रस्ता सांगून ठेवतो. डिसेंबरात तिथल्या बागा बघाव्यात. आंबिया बहाराची फळं उतरलेली, झाडं मलूल, पानं किंचित मिटलेली, आळ्यांत भेगा. विहिरीला पाणी असूनही शेतकऱ्याने ते तोडलेलं असतं. झाडाला 'ताण' दिलाय, असं म्हणतात. महिना-दीड महिना तहानलेलं ठेवायचं आणि मग एकदम पाणी सोडून ताण तोडायचा, की झाड घाबरून फुलावर येतं. नागपुरी संत्र्याचं सगळं गणित या एका शब्दावर चालतं.

परतवाड्यापासून घाट लागतो. तीसेक किलोमीटरमध्ये आपण सागवानातून वर चढत साधारण ११०० मीटरवर येतो आणि गाडीच्या काचेवर बोट ठेवलं तर गार लागतं.

पोराने दिलेल्या त्या कॉफीनंतर दिवसभर चौकशी केली. पॉइंटवरच्या टपऱ्यांवर 'चिखलदरा कॉफी' अशी पाटी दोन ठिकाणी दिसली, आतली पूड कुठली याचं उत्तर मात्र दोन्हीकडे डोळे चुकवून मिळालं. शेवटी रबडी विकणाऱ्या एका बाईने मरियमपूरच्या दिशेला हात केला. मरियमपूर ही मिशनऱ्यांनी वसवलेली वस्ती. तिकडच्या उतारावर आणि गावातल्या जुन्या आवारांत कॉफीची झाडं अजून आहेत. आम्ही ज्या घरी गेलो ते मात्र शेतकऱ्याचं साधं घर होतं. कौलारू पडवी, गोठ्यात दोन म्हशी, मागे उतार. घरात म्हातारी आजी, मुलगा-सून आणि परतवाड्याला कॉलेजात जाणारा नातू. नाव छापू नका, असं त्यांनी आधीच सांगितलं. पेपरात नाव आलं की लोक येऊन फांद्या मोडतात.

मळा म्हणावा असं डोळ्यांना काहीच दिसेना. कूर्गच्या फोटोंमुळे आपल्या मनात रांगा असतात. इथे फणस, आंबा, चार-पाच उंच सिल्व्हर ओक आणि त्यांच्या सावलीत माणसाच्या डोक्याएवढी, थोडी अस्ताव्यस्त झुडपं. पानं गडद हिरवी, तुकतुकीत, कडांना सुरकुतलेली. ही पानं कुठेतरी पाहिली आहेत असं वाटत राहिलं. अंगणातल्या अनंताकडे नजर गेली तेव्हा उलगडलं. अनंत, कदंब आणि कॉफी ही एकाच कुळातली झाडं. आपल्याकडे कदंबाला कृष्ण मिळाला, अनंताला गजरा मिळाला आणि कॉफीला गाइडातला एक गुण.

"दीड एकर हाय," मुलगा म्हणाला. "झाडं मोजली तर चारशेच्या वर भरतीन. बाकीची आजोबाच्या काळात मेली." लागवड त्याच्या पणजोबांची. ते साहेबाच्या बंगल्यावर माळी होते आणि रोपं तिथून आली, अशी घरातली आठवण. ती खरी असायला हरकत नाही. चिखलदरा थंड हवेचं ठिकाण म्हणून इंग्रजांच्या डोळ्यांत भरलं ते १८२३ साली, हैदराबाद फौजेतल्या कॅप्टन रॉबिन्सनमुळे. त्याच्या वीस वर्षं आधी, १५ डिसेंबर १८०३ रोजी, आर्थर वेलस्लीच्या फौजेने शेजारचा गाविलगड घेतला होता आणि दोनच दिवसांनी पायथ्याच्या बाजूच्या देवगावात नागपूरकर दुसऱ्या रघुजी भोसल्यांना तह करावा लागला. गाविलगड आणि नरनाळा तेवढे तहात भोसल्यांकडे राहिले, तेही पुढे गेलेच. म्हणजे हा डोंगर एकेकाळी आमचाच, नागपूरचा. पण कॉफी आली ती तो हातचा गेल्यावर, साहेबांच्या बंगल्यांसोबत. गुलाब, बटाटा, सिल्व्हर ओक आणि कॉफी हे सगळं साहेबाच्याच सामानातून उतरलेलं.

डिसेंबर म्हणजे वेचणीचा महिना. कापसाची ती वेचणी, कॉफीचीही वेचणीच, असं आजींकडून कळलं. एकाच फांदीवर लाल, पिवळी आणि हिरवी बोरं दाटीने लागलेली असतात आणि त्यातली फक्त लाल काढायची. हिरवं बोर निघालं तर चव तुरट होते, लाल राहून गेलं तर वाळून गळतं किंवा वानरं नेतात. मग आठ-दहा दिवसांनी पुन्हा त्याच झाडाकडे यायचं. अशा तीन-चार फेऱ्या. आम्हीही कमरेला टोपली बांधली. अर्ध्या तासाने आजींनी माझ्या टोपलीत बघितलं, मूठभर हिरवी बोरं वेगळी काढून माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाल्या, "हे तुम्ही नागपूरले घेऊन जा."

बोर चावून बघितलं. गर नावापुरता, बुळबुळीत, मंद गोड. त्यात कॉफीची चव शोधू नये, नसते. आत दोन बिया, पोटाला पोट लावून बसलेल्या, म्हणून कॉफीच्या दाण्याची एक बाजू सपाट असते आणि तिच्यावर ती ओळखीची चीर. क्वचित एकच बी धरते, मग ती गोल होते. बाजारात हिला पीबेरी म्हणतात आणि जास्त भाव घेतात. आजी तिला गोटी म्हणतात आणि वेगळी काढायचा त्रास घेत नाहीत. जुन्या मराठीत या बीला 'बुंद' असा शब्द होता. मूळ अरबी. आता तो कोशातच सापडतो.

पुढचं काम दोन वाटांनी होतं. दक्षिणेतले चांगले बागाईतदार त्याच दिवशी बोरं यंत्रात घालून साल काढतात, चिकट बिया टाकीत दिवस-दीड दिवस आंबवतात, धुतात आणि वाळवतात. याला पाणी लागतं, यंत्र लागतं. दुसरी वाट सोपी आणि जुनी: बोरं सालीसकट उन्हात टाकायची, आतली बी खुळखुळेपर्यंत. या घरात दुसरीच वाट. पडवीवर ताडपत्री, तिच्यावर काळपट पडत चाललेली बोरं, दिवसातून चार वेळा हाताने फिरवायची, संध्याकाळी दव पडायच्या आत झाकायची. पंधरा दिवस तरी हे चालतं. मग उखळात कांडणं, सुपात पाखडणं. सुनेच्या हातातल्या सुपातून फोलपटं उडत होती आणि खाली हिरवट-राखी दाणे जमत होते. या दाण्यालाही कॉफीचा वास नसतो. ओल्या हरभऱ्यासारखा, गवतासारखा काहीतरी येतो.

वास आला तो कढईत. चुलीवर लोखंडी कढई, आजींच्या हातात उलथनं. दाणे पिवळे पडले, मग पाव भाजल्यासारखा वास, मग तपकिरी, आणि दोनशे अंशांच्या आसपास कुठेतरी ते तडतडायला लागले, ज्वारीच्या लाह्या फुटतात तसे, फक्त आवाज बारीक. जाणकार भाजणारे या तडतडीनंतर एकेक सेकंद मोजतात. आजी बोलत बसल्या. दाणे काळे आणि तेलकट झाले तेव्हा कढई उतरली.

कॉफी प्यायलो. म्हशीचं दाट दूध घातलेली आधी, मग मी हट्टाने एक कोरी मागितली. खरं सांगायचं तर कोरी फार थोर नव्हती. कडू, वर धुराची चव, शेवटी किंचित आंबूस. पिकलेलं-अर्धं पिकलेलं एकत्र वाळलं, आच कमी-जास्त झाली, दाणे जळाले, हे सगळं जिभेवर येत होतं. दुधाची मात्र उत्तम. कडवटपणाला दाट दूध पुरून उरत होतं आणि धुराची चव चक्क भावत होती. गवळ्यांच्या डोंगरावर कॉफी अशीच होणार.

मी वहीत हिशोब मांडला, कारण मला तो कुणीच कधी करून दाखवलेला नव्हता. साधारण सहा किलो ताज्या बोरांतून एक किलो कच्चा दाणा मिळतो. भाजताना त्याचं वजन पंधरा ते वीस टक्के उतरतं. म्हणजे एक किलो लाल बोरांची भाजलेली पूड दीडशे ग्रॅमच्याही आत. कपाला दहा ग्रॅम धरली, तर चौदा कप. या बागेत झाडाला सरासरी दोन किलो बोरं निघतात, असं मुलगा म्हणाला. एक झाड, अठ्ठावीस कप. रोज एक कप पिणाऱ्या माणसाला चार आठवड्यांना एक झाड लागतं, वर्षाला तेरा. चारशे झाडांच्या या बागेवर तीसेक माणसं भागतील. आमच्या एका अपार्टमेंटला ती पुरणार नाही. बायकोच्या इतवारीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर वहीत होतं. उरलेलं अर्धं, म्हणजे झाडं चारशेच का, हे कळायला संध्याकाळ झाली.

चिखलदऱ्याची उंची कॉफीला चालण्यासारखी आहे. अरेबिका जातीला हजार ते दीड हजार मीटर आवडतात. पाऊस दीडशे सेंटिमीटरच्या आसपास, तोही तिला पुरेसा. मग इथे कूर्ग का झालं नाही? आळस, सरकारी अनास्था, विदर्भावरचा अन्याय, असली तयार उत्तरं माझ्याजवळ होती. आम्हा नागपूरकरांजवळ ती कायम असतात. मुलाने ती ऐकून घेतली आणि म्हणाला, "पाणी किती पडते हे नका पुसू भाऊ. कवा पडते थे पुसा."

मग त्याने संत्र्यावरूनच सांगितलं. कॉफीची कळी पावसाळ्यानंतर फांदीच्या पेरांत धरते आणि कोरड्या दिवसांत झोपून राहते. तिलाही ताण लागतोच. नंतर एक चांगला पाऊस लागतो, इंच-दीड इंचाचा, नेमका फेब्रुवारी-मार्च-एप्रिलमध्ये. तो पडला की आठ-दहा दिवसांत सगळी बाग एकदम पांढरी. तीन-चार दिवस फुलं, की संपलं. त्या पावसानंतर दोन-तीन आठवड्यांनी आणखी एक सर हवी, म्हणजे धरलेलं फळ टिकतं. चिकमगळूर, कूर्ग, वायनाड इथे हे आयतं होतं. शाळेच्या भूगोलात ज्यांना आम्रसरी म्हणून शिकवतात त्या वळवाच्या सरी तिथे ठरल्या वेळी येतात आणि तिथला बागाईतदार त्यांच्याकडे डोळे लावून बसतो. चिखलदऱ्याचा पाऊस जूनला सुरू होतो आणि सप्टेंबरला बहुतेक संपतो. पुढे आठ महिने ताण, आणि तोडणारं कुणी नाही. वरून उन्हाळ्यात खालच्या वऱ्हाडातून येणारा कोरडा वारा. हे काळ्या खडकाचं पठार, पाणी धरत नाही. पावसाळ्यात धबधब्यांनी न्हाणाऱ्या याच डोंगरावर मे महिन्यात पिण्याच्या पाण्याची ओढाताण होते. हिवाळ्यात कधी पारा पाच अंशांपर्यंत उतरतो, म्हणजे कोवळ्या पानाला तोही मार.

"मंग आमीच पाऊस पाडतो," तो म्हणाला. उताराच्या तळाशी विहीर, तिच्यावर मोटर, एक लांब पाइप आणि दोन फवारे. मार्चमध्ये विहिरीला जेवढं पाणी असेल तेवढ्या झाडांचा ताण तोडायचा. बाकीची झाडं आभाळावर सोडायची. चारशे झाडं ही त्या विहिरीची संख्या आहे. आजोबांच्या काळात मेलेली झाडं विहीर आटल्याच्या सालांत मेली.

वहीत मी याच्यापुढे काही लिहिलं नाही. अन्यायाचं भाषण आत गिळून टाकलं.

दक्षिणेतल्या कॉफीची कहाणी आपण दंतकथेपासून सुरू करतो. बाबा बुदान नावाचे सूफी संत हजहून येताना येमेनमधून सात बिया लपवून घेऊन आले आणि त्यांनी त्या चिकमगळूरजवळच्या डोंगरात लावल्या, काळ सतरावं शतक. सात हा आकडा पवित्र म्हणून आला असणार, पण डोंगर खरा आहे आणि आज त्याच्याच नावाने आहे. २०१९ मध्ये कूर्ग, वायनाड, चिकमगळूर, अरकू आणि बाबाबुदनगिरी अशा पाच कॉफींना भौगोलिक मानांकन मिळालं. आज देशात साडेतीन लाख टनांच्या आसपास कॉफी होते, तिच्यातली सत्तर टक्के एकट्या कर्नाटकात. कॉफी बोर्डाच्या तक्त्यांत कर्नाटक, केरळ, तामिळनाडू, मग आंध्र, ओडिशा, ईशान्य भारत. महाराष्ट्राला वेगळा रकाना नाही. गाइडवाल्यांनी हा तक्ता पाहिलेला दिसत नाही.

पण त्याच आकड्यांत आणखी एक गोष्ट आहे, ती मला जास्त महत्त्वाची वाटते. मोठाले बंगले, घोड्यावरचे मळेवाले ही कॉफीची प्रतिमा सिनेमाची. भारतातल्या जवळपास नव्व्याण्णव टक्के कॉफीच्या बागा दहा हेक्टरच्या आतल्या आहेत. म्हणजे घरच्या माणसांनी चालवलेल्या. चिखलदऱ्याचं हे कुटुंब अपवाद ठरतं ते जागेमुळे, आकारामुळे नाही. त्यांच्यात आणि चिकमगळूरच्या पाच एकरवाल्यात फरक आहे तो आजूबाजूचा. तिथे शेजाऱ्याकडे साल काढायचं यंत्र असतं, तालुक्याला दाणा साफ करून प्रतवारी करणारे कारखाने असतात, व्यापारी असतो आणि बाळेहोन्नूरला १९२५ पासून चालत आलेलं संशोधन केंद्र असतं. तिथूनच एस-७९५ सारख्या जाती निघाल्या. तांबेऱ्याशी झगडणारी जात हवीच होती, कारण १८६९ मध्ये सिलोनच्या मळ्यांवर पडलेल्या या रोगाने पुढच्या वीसेक वर्षांत तिथली कॉफी बुडवली आणि त्या बेटाला चहाकडे वळवलं. चिखलदऱ्यात पानाखाली तांबेऱ्याची नारिंगी भुकटी दिसली तर विचारायचं कुणाला? नातू मोबाइलवर कन्नड व्हिडिओ बघतो. भाषा कळत नाही, पण फवारणीचं औषध ओळखू येतं.

आंध्रातल्या अरकूच्या खोऱ्यात हे सगळं नव्हतं, ते उभं केलं गेलं. तिथेही आदिवासी कुटुंबं, एक-दोन एकरांची बाग, पूर्व घाटातला हजारेक मीटरचा डोंगर. प्रत्येकाने आपापल्या ओसरीवर बोरं वाळवण्याऐवजी लाल बोरं एका ठिकाणी आणायची आणि पुढचं काम एकत्र करायचं, एवढ्या एका बदलाने तिथल्या कॉफीची चव पालटली. २०१७ मध्ये 'अरकू'चं दुकान पॅरिसमध्ये उघडलं. इथल्या मेळघाटातही कोरकू आदिवासींची घरं आहेत, डोंगर आहे, सावली आहे, तर इथेही तसं होईल, असं सुचवण्याचा मोह मला झाला. पण ज्या डोंगरावर मेमध्ये प्यायला पाणी पुरत नाही तिथे मार्चमध्ये फवारे लावायला कुणाला सांगायचं? शिवाय भोवती १९७४ पासून व्याघ्र प्रकल्प आहे. इथे बागा वाढवण्यापेक्षा आहेत त्या चार घरांना साल काढायचं एक यंत्र आणि आच मोजणारा एक भाजणीचा ड्रम मिळाला, तरी ती कोरी कॉफी पिण्यासारखी होईल. त्याच डोंगरावर मोथा गावाने स्ट्रॉबेरी रुजवून दाखवली आहे, आणि ती टपरीवरच्या पाटीत नाही, खरोखर टोपलीत दिसते.

भावाचं विचारलं तेव्हा घरात हशा झाला. डिसेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात अरेबिकाने १९७७ पासूनचा उच्चांक मोडला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये पौंडाला चार डॉलरची पातळी ओलांडली. कारण ब्राझीलमधला दुष्काळ. कर्नाटकात त्या भावाने घरं रंगवली गेली, गाड्या आल्या. इथे पूड विकली जाते ती ओळखीच्या पर्यटकांना, पावशेराच्या पुड्या करून, आणि भाव आजी गिऱ्हाइकाचं तोंड बघून ठरवतात. न्यूयॉर्कचा त्यात काही हात नाही. एका परीने बरंच आहे. १९९० च्या दशकापर्यंत बागाईतदाराला आपली कॉफी बोर्डाच्या सामाईक साठ्यात घालावीच लागे. ती सक्ती टप्प्याटप्प्याने उठत १९९६ मध्ये पूर्ण संपली आणि मग भाव चढला तरी शेतकऱ्याचा, पडला तरी शेतकऱ्याचाच. कापूसवाल्यांना हे वेगळं सांगायला नको.

बोर्डावरून आठवलं. नागपूरला कॉफी शिकवली ती चिखलदऱ्याने नाही, कॉफी हाऊसने. पिकलेली कॉफी खपत नव्हती म्हणून १९३६ मध्ये मुंबईत चर्चगेटला पहिलं इंडिया कॉफी हाऊस निघालं आणि पुढे देशभर त्यांचं जाळं झालं. पन्नाशीच्या दशकात बोर्डाने ती बंद करायला घेतली, तेव्हा ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने काढून टाकलेल्या कामगारांनीच सहकारी संस्था काढल्या. पहिली १९५७ मध्ये बंगळुरूला, आणि १९५८ संपेपर्यंत ज्या शहरांत त्या पोहोचल्या त्यांत नागपूरही होतं. नागपूरच्या सदरमध्ये तुरेवाला फेटा बांधलेल्या वेटरने आणून दिलेली कॉफी ही माझ्या वडिलांच्या पिढीची चैन. आमच्या घरातली कॉफी निराळी. आटवलेलं दूध, साखर, वर किसलेलं जायफळ. कॉफी त्यात रंगापुरती. दक्षिणी शेजारी आमच्याकडे ती पिऊन सौजन्याने गप्प बसत. त्यांच्याकडच्या फिल्टरमध्ये जवळपास निम्मी चिकोरी असे, हे मला फार उशिरा कळलं. कायद्याने अशा मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के असावी लागते. म्हणजे चाळीस-पंचेचाळीस टक्के भाजलेलं मूळ पिऊन आमच्या जायफळाला नावं ठेवायची.

निघताना अर्धा किलो पूड घेतली. आजींनी बायकोचं तोंड बघून भाव कमी सांगितला. मी वहीतला हिशोब केला: दोन झाडांचं वर्ष पिशवीत होतं. फुलोऱ्याला फोन करा, एवढं मुलाला सांगून आलो. तो म्हणाला, "विहिरीनं भिजवलेली झाडं फुलतेच. पण आभाळानं मनावर घेतलं तर पाहाले या."

मार्चच्या मध्यावर अवकाळी आला. विदर्भात त्याची बातमी नेहमी एकाच सुरात येते, आणि ती तशीच यायला हवी. कापणीला आलेला गहू आडवा, हरभरा भिजला, संत्र्याच्या बागेत गारांनी झडलेल्या फळांचा सडा. दुसऱ्या दिवशी सकाळी पेपर वाचत होतो तेव्हा फोन वाजला. वर गारा नव्हत्या, नुसतं पाणी. दीड तास. "सगळ्या झाडाइचा ताण तुटला भाऊ," मुलगा म्हणत होता, "पुढच्या आठवड्यात या." आवाजात आनंद होता आणि तो जरा दाबून बोलत होता.

मला सुट्टी जमवता जमवता बारावा दिवस उजाडला. मोर्शीच्या अलीकडे रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या बागांत हिरवी, गोटीएवढी फळं जमिनीवर पडून काळी पडत होती. घाट चढून घरामागच्या उतारावर गेलो. फुलं संपली होती. फांद्यांवर चहाचा चोथा चिकटवल्यासारखे तपकिरी गुच्छ राहिले होते, हात लावला की हातात येत होते. वास तेवढा होता, जाईसारखा, पण शिळा.

"परवा याचं होतं," आजी म्हणाल्या. त्यांनी एका पेराजवळचा वाळका गुच्छ नखाने बाजूला केला आणि मला वाकून बघायला लावलं. टाचणीच्या डोक्याएवढं हिरवं काहीतरी. "बसलं."

पडवीवर कॉफीची ताडपत्री पसरलेली होती आणि तिच्यावर गहू वाळत होता. भिजून काळपटलेला, काही दाण्यांना मोड फुटलेले. चांदूर बाजारकडे दिलेल्या लेकीच्या शेतातला. तिच्याकडे संत्र्याचा आंबिया बहारही झडला होता. सून चार-चार वेळा हाताने गहू फिरवत होती, कॉफी फिरवतात तसाच. आजींनी दूध चुलीवर ठेवलं आणि लेकीच्या घरच्या नुकसानीचा पंचनामा कधी होईल ते माझ्या ओळखीत कुणी सांगेल का, असं विचारलं.